पंपाबाहेर धरलेला दिवा

एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर दुसऱ्यात जातो तो पहिलाच जाळ की नवा? हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांपासून पडलेला आहे आणि तो विचारला की घरातले सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. मी चितेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. यंत्र का बंद पडलं हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. देवाच्या बाबतीतही माझं तसंच. हात जोडतो, प्रसाद घेतो, उपवासाला साबुदाणाही आवडीनं खातो, पण डोकं आपलं मागे चालूच असतं. हे कशानं होतं, कसं होतं, नाही झालं तर काय होतं. याला श्रद्धा म्हणायचं की नुसती चौकशी, हे मला कधी ठरवता आलं नाही. गेल्या फाल्गुनात मात्र ही चौकशी माझ्या बहिणीच्या जिवाशी येऊन ठेपली.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच, पडेगावच्या घरी राहते. मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढली तर काळजीचं कारण नाही, पण उशीर केलात तर पुढचं आम्ही सांगू शकत नाही. ऑपरेशनची तारीख ठरली आणि आक्कानं ती पुढे ढकलली. दुसरी ठरली, तीही ढकलली. एकदा एकादशी आडवी आली, एकदा पुतण्याचं लग्न. खरं कारण आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तिला भुलीची भीती वाटत होती. आपल्याला कुणीतरी झोपवणार आणि मग आपलं काय होतंय ते आपल्यालाच कळणार नाही, हे तिला सोसवत नव्हतं. शेवटी एका सकाळी पोहे परतता परतता तिनं अट घातली. तुळजापूरची ज्योत आणून देवघरात तेवत ठेवली तर ती दवाखान्यात जाईल, नाहीतर नाही.

आमच्याकडे नवरात्राच्या तोंडावर गावोगावची पोरं तुळजापूरला जातात, देवीच्या दिव्यावर मशाल पेटवतात आणि पळत पळत ती गावी आणतात. त्या ज्योतीवर घटाचा दिवा लागतो. नियम दोनच. वाटेत विझू द्यायची नाही, आणि घरी पोचेपर्यंत जमिनीवर टेकवायची नाही. नवरात्र असतं तर मला काहीच करावं लागलं नसतं, कारण त्या दिवसांत रस्त्यानं ज्योतीमागून ज्योत धावत असते. एखाद्याची विझली तर मागून येणाऱ्याच्या ज्योतीवर पेटवून घेता येते. पण फाल्गुनात कोण धावणार? "तू तर गाडीवर लडाखला जातोस," आक्का म्हणाली, "मग तुळजापूर काय लांब हाय? पण विझली तर विझली म्हण. मला खोटं सांगू नको." लडाखला मी एकदाच गेलोय, पण आक्का ते दर महिन्याला जात असल्यासारखं सांगते.

मोटारसायकलवर लांब जायचा नाद मला तरुणपणापासून आहे, आणि माझा पेट्रोलचा कॅन त्या नादाइतकाच जुना आहे. लोखंडी, घट्ट झाकणाचा, मागच्या चाकाशेजारी मी स्वतः वेल्डिंग करून बसवलेल्या जाळीत राहणारा. टाकी भरलेली असली तरी कॅन भरलेला हवाच. पूर्वी रस्त्याला पंप सापडत नसत तेव्हा त्याला काही कारण होतं. आता हमरस्त्यावर चहाच्या टपऱ्यांइतके पंप झाले, तरी माझा कॅन काही सुटला नाही. मला तो फारसा लागतच नाही. बहुतेक वेळा वाटेत अडलेल्या दुसऱ्याच कुणाच्या गाडीत तो रिकामा होतो. पण तो बाजूला आहे एवढ्यानंच मला निवांत वाटतं. गाडी जाऊ दे, मन त्याच्यावर चालतं म्हणा ना. आक्का म्हणते, "आमची कुळदेवी तुळजापूरला बसलीय, अन ह्याची त्या कॅनात." मी हसण्यावारी नेतो, पण तिचं अगदीच चूक नाही.

आणि नेमका तोच कॅन या खेपेला नेता येत नव्हता. पेटता दिवा आणि पेट्रोलचा कॅन एका गाडीवर बांधण्याइतका मी वेडा नव्हतो. जाळीतून तो काढून घरी ठेवला तेव्हा गाडी मला उघडी पडल्यासारखी दिसायला लागली.

दिव्याची तयारी मात्र मी अगदी हौसेनं केली. पूजेच्या दुकानात काचेची नळी असलेला पितळी अखंड दिवा मिळतो, तो घेतला. गाडीच्या हादऱ्यानं तेल हिंदकळलं तर वात बुडेल, म्हणून वाटीत कापूस दाबून भरला आणि तो पिऊन राहील एवढंच तेल घातलं. मग पत्र्याची एक पेटी केली. खाली वाळू, त्यात रुतवलेला दिवा, एका बाजूला काच, वर उघडणारं झाकण आणि हवेसाठी भोकं. भोकं मोठी झाली की वारा शिरे, लहान झाली की दिवा गुदमरे. रविवारभर मी भोकं पाडत आणि बुजवत होतो. बायको म्हणाली, यातलं निम्मं लक्ष न्हाणीघरातल्या नळाला दिलं असतं तर तो गळायचा थांबला असता. माझा मित्र विलास मागे बसून पेटी मांडीवर धरणार होता. वाटेत पेट्रोल भरायचं झालं की तो दिवा घेऊन रस्त्यापलीकडे उभा राहणार, मी पंपावर जाणार. सगळं ठरलेलं होतं.

आदल्या दिवशी जाऊन तुळजापूरला मुक्काम केला आणि सकाळी देवीच्या दिव्यावर आमचा दिवा लावून घेतला. लावता लावता मी पुजाऱ्यांना माझा प्रश्न विचारला. हा जाळ तोच की नवा? ते म्हणाले, "मागं लाईन हाय, पुढं चला." उत्तर म्हणून हेही वाईट नाही, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

धाराशिवच्या थोडं पुढे चहाला थांबलो आणि विलास गाडीवरून उतरताना अर्ध्यातच थांबला. कमरेत चमक भरली होती. पेटी मी त्याच्या हातातून काढून घेतली, पण तो सरळ होईना आणि बसेना. चहावाल्याच्या बाकावर त्याला आडवा केला. त्याचा मेहुणा धाराशिवला असतो, तो फोन केल्यावर कार घेऊन आला. "तू थांबू नको," विलास कण्हत म्हणाला, "आक्का दारात बसली असंल." मी पेटी मागच्या सीटवर रबरी दोरांनी आवळून बांधली आणि डावा आरसा असा फिरवला की त्यात रस्त्याऐवजी पेटीची काच दिसावी. उजव्या आरशात मागचे ट्रक, डाव्या आरशात देवी. या सगळ्या गडबडीत पेट्रोलचा विचार ना माझ्या डोक्यात आला, ना त्याच्या. मेहुणा दिवा धरून उभा राहिला असता आणि मी टाकी भरून घेतली असती. पण जन्मभर जादा पेट्रोलची काळजी केलेला माणूस त्या दिवशी साधी टाकी भरायला विसरला.

बीड गेलं, गेवराई मागे पडली. ऊन तापलं होतं, रस्त्यावर माणूस नाही, आणि डाव्या आरशात ती एवढीशी ज्योत डुलत होती. त्या एकटेपणात मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. तेवढ्यात गाडीनं आचके दिले. माझी गाडी जुनी, तिला पेट्रोलचा कॉक आहे. तो रिझर्व्हवर फिरवला आणि सवयीनं डावा हात खाली कॅनकडे गेला. हाताला रिकामी जाळी लागली. घर अजून लांब होतं, आणि रिझर्व्हवर तिथवर पोचणं शक्य नव्हतं.

पुढच्या एका फाट्यावर पंप लागला. मी वळणार तोच आतला माणूस दोन्ही हात वर करून ओरडला. "ओ भाऊ, तिथंच थांबा. जाळ घेऊन कुठं येता?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी गाडी रस्त्यापलीकडे, एसटीच्या थांब्याच्या पत्र्याखाली लावली, दिव्यावर एक डोळा ठेवून अर्धा रस्ता ओलांडला आणि बाटलीत पेट्रोल मिळेल का ते विचारलं. "प्लास्टिकच्या बाटलीत नाय देता येत," तो म्हणाला. "लोखंडी कॅन असंल तर आणा, लगेच भरून देतो." हसावं की रडावं तेच मला कळेना. घरून रिकामा कॅन जरी आणला असता तरी माझं काम भागलं असतं. इतकी वर्षं तो मी भरलेला वाहिला, आणि रिकाम्याचाही उपयोग असू शकतो हे मला कधी सुचलं नव्हतं.

आता पेटी धरायला कुणीतरी हवं होतं. एक मोटारसायकलवाला थांबला, पण देवीची ज्योत आहे म्हटल्यावर त्यानं दुरूनच हात जोडले. "नको दादा, माझ्या हातून विझली तर?" दुसरा म्हणाला, दुपारी मटण खाल्लंय, शिवणार नाही. तिसऱ्यानं नुसतं आत वाकून बघितलं, गालांवर हात मारून घेतले आणि निघून गेला. कुणी उर्मट बोललं नाही, कुणी टाळाटाळही केली नाही. सगळे खरोखरच घाबरत होते. दिवा साधा असता तर कुणीही धरला असता. तो देवीचा होता म्हणूनच त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, ही गंमत मला दिसत होती, पण तेव्हा तिचं हसू येत नव्हतं.

थांब्यात एक बाई पिशवीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. आक्कापेक्षा थोड्या लहान असतील. त्या उठल्या आणि पदर कमरेला खोचत म्हणाल्या, "द्या हिकडं."

"खाली टेकवायची नाही बघा," मी म्हणालो.

"ऐकलंय मी. मघाधरनं तेच तर सांगताय सगळ्यांना. आंघोळ झालीय, लुगडं धुतलेलं हाय. अजून काय पायजे देवीला?"

मी दोर सोडून पेटी उचलली, त्यांना भोकं दाखवली, वारा कुठून येईल ते सांगितलं, काच किती तापते ते सांगितलं. माझं सांगणं काही संपेना. त्यांनी पेटी माझ्या हातातून काढूनच घेतली. "माझी बस यायच्या आत या म्हंजी झालं. लेकीकडं चाललेय, दिवस भरलेत तिचं. जावा आता, वळून वळून बघू नका."

मी वळून वळून बघतच गाडी ढकलत पंपावर नेली. तिथं नुकतीच लाईट गेली होती. जनरेटर चालू होईना, दोन माणसं त्याच्यावर वाकली होती आणि माझ्यापुढे गाड्यांची रांग होती. एरवी मी पहिला जाऊन त्या जनरेटरला हात घातला असता. पण माझा जीव रस्त्यापलीकडे अडकला होता. बाई पेटी छातीशी धरून उभ्या होत्या. आणि तेवढ्यात बीडकडे जाणारी एसटी आली.

ती बरोबर त्यांच्या आणि माझ्यामध्ये उभी राहिली. मला फक्त बसच्या खिडक्या दिसत होत्या. त्यांची बस हीच असणार. लेक अडलेली, पुढची बस कधी येईल कोण जाणे, मग त्यांनी का थांबावं? मी कोण त्यांचा? पेटी खाली ठेवून त्या चढल्या असतील. आक्काचा चेहरा डोळ्यांसमोर आला. कंडक्टरनं घंटी मारली, बस निघाली आणि तिच्यामागे धुळीचा असा लोट उठला की थांबासुद्धा दिसेनासा झाला. धूळ बसायला लागली तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. रस्त्याकडे पाठ करून, एका हातानं पेटी कवेत धरून तिच्यावर वाकून, दुसऱ्या हातानं पदर पसरून त्या उभ्या होत्या. बस त्यांनी जाऊ दिली होती. दिवा मात्र मला दिसत नव्हता.

धावत जाऊन बघावं असं मला वाटायला हवं होतं. माझा सगळा स्वभावच तो आहे. पण त्या क्षणी माझ्या मनातली सगळी चौकशी एकाएकी थांबली. दिवा आहे की विझला, पदराआड त्या काय करतायत, पुढे काय होईल, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. आणि ते माझ्या हातात नाही याची मला भीती वाटत नव्हती. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं. बाजूला भरलेला कॅन असतानासुद्धा इतकं निवांत वाटलेलं मला आठवत नाही. मागे जनरेटर धडधडला, रांग पुढे सरकली आणि मी शांतपणे गाडी ढकलत पुढे नेली.

पेट्रोल भरून परत आलो. त्यांनी पदर बाजूला केला. काचेआड ज्योत सरळ उभी होती. पदराच्या काठाला करपलेलं भोक पडलं होतं, जळक्या कापडाचा वास येत होता, आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं मुठीत दाबून धरली होती. विझला होता का, हे विचारायला माझं तोंड उघडलंसुद्धा.

"हाय का नाय ते बघून घ्या," त्या म्हणाल्या.

"आहे. पण तुमची बस गेली."

"मग? दिवा घेऊन बशीत कशी चढणार? अन खाली ठेवायचा नाय म्हनला तुम्ही." मी त्यांना लेकीच्या गावी सोडतो म्हणालो, तर त्यांनी मलाच दटावलं. "तुमचं मानूस वाट बघत असंल. मला दुसरी गाडी येती. निघा."

मी त्यांच्या पाया पडलो. त्या संकोचल्या आणि मागे सरल्या. बराच पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्यांचं नाव मी विचारलंच नाही. लेक कोणत्या गावी आहे, तेही नाही. सगळ्या जगाची चौकशी करणारा मी.

पाचोड आलं, आडूळ आलं, आणि डोकं पुन्हा सुरू झालं. एवढ्या धुळीत, एवढ्या वाऱ्यात ज्योत टिकली कशी? की विझली होती आणि त्यांनी पिशवीतल्या काडेपेटीनं पुन्हा लावली? लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईच्या पिशवीत शेक-धुरीसाठी काडेपेटी असणारच. पण मग पदर कसा करपला, बोटं कशी पोळली? काडी लावतानाही पोळतं. वारा अडवतानाही पोळतं. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटल्या. आणि आक्कानं तर सांगून ठेवलं होतं, मला खोटं सांगू नको. विझली नाही म्हणालो तर ते खरं आहे हे मला माहीत नव्हतं. विझली असेल म्हणालो तर ती दवाखान्याचं नाव काढू देणार नव्हती. डाव्या आरशात ज्योत निवांत होती. तिला यातलं काही पडलेलं नव्हतं.

दिवेलागणीला घरी पोचलो. आक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. पेटी देवघरासमोरच्या पाटावर ठेवली तेव्हा तिनं आधी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वाटंत विझली नाय ना?"

मी जे घडलं ते सगळं सांगितलं. माझ्या हातात होती तोवर विझली नाही, मधला थोडा वेळ ती दुसऱ्याच्या हातात होती आणि तेव्हाचं मला माहीत नाही. बायको मागून मला डोळ्यांनी दटावत होती. आक्का पाटाशी खाली बसली.

मग म्हणाली, "त्या बाईचा हात पोळला का रं?"

"पोळला असावा."

"तू काय लावलंस का त्याला?"

"नाही."

"तुला काय कळतच नाय," ती म्हणाली. वात वळता वळता तिनं विचारलं, "मधी बस हुती. तुला दिवा दिसत नव्हता. तरी तू पळत गेला नाहीस?"

"नाही गेलो."

"का?"

"कळत नाही आक्का. जावंसं वाटलं नाही. ती बाई उभी आहे म्हटल्यावर बास झालं असं वाटलं."

आक्कानं पेटीतली ज्योत वातीवर घेतली, देवघरातला दिवा लावला आणि पदरानं डोळे पुसले. "मला बी आत नेऊन झोपवतील," ती म्हणाली. "तुम्ही सगळी दाराबाहेर. आत काय करतेत, कसं करतेत, तुम्हाला दिसनार नाय अन मला बी नाय. तुझ्यासारख्याला जमलं, तर मला बी जमंल. सांग त्या डॉक्टरला, येते म्हनाव."

पुन्हा तारीख ढकलली गेली नाही. तिला आत नेलं तेव्हा तिनं माझा हात सोडला तो अगदी सहज, भाजी घेताना पिशवी दुसऱ्या हातात द्यावी तसा. दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसलो. एरवी मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला प्रश्न विचारून बेजार केलं असतं. त्या दिवशी एकीलाही काही विचारलं नाही. भीती होती, खूप होती. पण आत कुणीतरी वाऱ्याकडे पाठ करून तिच्यावर वाकलेलं आहे, असं मला सारखं वाटत होतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि गाठ नीट निघाली म्हणाले. मी त्यांचेही पाय धरणार होतो, बायकोनं आवरलं.

ज्योत विझली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. लोक म्हणतात ती बाई म्हणजे देवीच. मी वाद घालत नाही. मला त्या पोळलेल्या हाताच्या, करपल्या पदराच्या, बस चुकलेल्या बाईच आठवतात, आणि तेवढ्यानंच माझे हात जोडले जातात. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून घेणं असं मी समजत होतो. आता वाटतं, कुणीतरी आपलं धरून उभं आहे हे उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि मग आपल्या जागी थांबायचं, एवढंच ते असावं. त्या फाट्यावर मी पुन्हा दोनदा जाऊन आलो. कुणाला काही सांगता आलं नाही.

आक्का आता हिंडती फिरती आहे आणि पूर्वीसारखीच बोलते. माझी चौकशीही सुटलेली नाही, पण तिची दिशा बदलली. त्या जाळाचं काय झालं यापेक्षा त्या लेकीचं काय झालं, ती सुखरूप सुटली का, मुलगा झाला की मुलगी, आई वेळेवर पोचली का, हे मला जास्त कळून घ्यायचं आहे. मी आक्काला एकदा हे बोलून दाखवलं. तेव्हापासून ती संध्याकाळी दिवा लावते, आमच्या घरच्या सगळ्यांची नावं घेते, आणि शेवटी, नाव माहीत नाही म्हणून, नुसतं "त्या बाईची लेक" म्हणून हात जोडते.